हात राखून

ऑक्टोबरच्या शेवटी आर्लिस क्वामे दुकानात आली,
उजवा खांदा जॅकेटमध्ये जरा उंच धरून.
म्हणाली, डेलमार, थर्टी-ऑट-सिक्स दे,
पण हळू लागणारी.

मी मागच्या फळीकडे बघितलं.
मॅग्नम, सुपर, एक्स्ट्रा,
एका खोक्यावर तर वीज काढलेली.
हळू असं कुठल्याच खोक्यावर नव्हतं.

खांद्यात दोन स्क्रू आहेत, ती म्हणाली,
आणि मारेनला बारावं लागलंय.
बंदूक एकच. आयनारची.

आता हिला काय सांगायचं.
दुकान टाकण्याआधी अकरा वर्षं
मी कारखान्याचा माल विकत हिंडलोय,
मायनॉट ते बिस्मार्क, डिकीत नमुने घेऊन.
एका साली काढलं होतं आम्ही तसलं काडतूस.
दारू बेताची, धक्का बेताचा,
किंमत मात्र तीच:
पितळ तेच, टोपी तीच, खोकं तेच,
दारूचे चार दाणे वाचले तर वाचले.
गिऱ्हाईक खोकं उलटं करायचं,
वेगाचा आकडा वाचायचं,
आणि शिळा पाव हुंगून ठेवावा
तसं परत ठेवून द्यायचं.
फुसका बार, म्हणायचे,
आणि पैसे पुऱ्या बाराचे?

त्यात आपोआप भरणाऱ्या बंदुका.
त्यांना मागे रेटायला दम पुरायचा नाही,
रिकामं पितळ दारातच अडकून बसायचं.
नेम बांधलेला नेहमीच्या काडतुसाला,
म्हणून माशी एकीकडे, भोक वीतभर खाली.
नाव कुणाचं खराब? कंपनीचं.

मग विलिस्टनहून एक पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
तीनशे यार्डांवरून हरिणीला मारली.
लागली.
पण गोळी फुललीच नाही, सुईसारखी आरपार गेली.
दोन दिवस थेंब शोधत फिरलो,
मग बर्फ पडला.
बस, एवढंच. शिवी नाही,
पैसेसुद्धा परत मागितले नव्हते.
शंभर यार्डांच्या आत, असं खोक्यावर छापलेलं होतं.
वकिलांनी पत्र वाचलं, खोकं वाचलं,
पुन्हा पत्र वाचलं.
वसंतात ते काडतूस यादीतून गेलं.
कुणी हळहळलं नाही.
मीही नाही, मला कमिशन मॅग्नमवर होतं.

हे सगळं आर्लिसला नाही सांगितलं.
म्हटलं, करत नाहीत गं कुणी.

आयनार करायचा, ती म्हणाली.
खिशातून कॉफीचा छोटा डबा काढून काउंटरवर ठेवला.
आत नऊ काडतुसं.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्याचं अक्षर: मारेन.
आकडा नाही, तारीख नाही.

वही असेल ना त्याची?
असेल. सापडत नाही.

मी डबा तिच्याकडे सरकवला.
दुसऱ्यानं भरलेलं उडवू नये,
माझ्या दारावरच लिहिलंय ते.
एवढ्या मोठ्या पितळात एवढीशी दारू
कुठल्या कुशीवर झोपली असेल,
कशी पेटेल, कुणी सांगावं.
कारखान्यालाही हीच धास्ती:
खोकं कुणाच्या घरी जाणार,
कुठली बंदूक, कसला खांदा, त्यांना काय ठाऊक?
आयनारला ठाऊक होतं.
तिची उंची तो दर नाताळला
तळघराच्या चौकटीवर खुणेनं मांडायचा.

आर्लिसनं झाकण लावलं. मग म्हणाली, तू भर.
मला विकता येत नाही तसली, मी म्हटलं.
विकत कोण मागतंय?

ती गेल्यावर दाराची घंटा जरा वेळ हलत राहिली.
मी स्टुलावर चढून
वरच्या फळीवरचा तराजू काढला,
फुंकर मारली. काटा थरथरला, थांबला.
मग तिला फोन केला:
रविवारी चर्चनंतर मारेनला आण,
बंदूकही आण.
येताना तिला जाड स्वेटर घालू नकोस,
माप घ्यावं लागेल.